पंचाहत्तर फळ्यांचा घरभेदी

फॉप्पे बाउस्माला स्वतःची ओळख करून द्यायला एक वाक्य कधीच पुरलं नाही. "वॉर्डसूम गावात तीनशे बारा घरं आहेत," तो सुरुवात करी, "आणि त्या प्रत्येक घराच्या पोटात मी शिरलेलो आहे. पाहुण्याला लोक बैठकीची खोली दाखवतात, पाद्रीबाबांना फार तर मन दाखवतात. मीटरचं कपाट मात्र फक्त मला दाखवलं. आणि माणसाचं खरं चारित्र्य मीटरच्या कपाटात असतं." चौतीस वर्षं विजेचे मीटर वाचून तो निवृत्त झाला होता, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःची नेमणूक सत्यशोधक म्हणून केली होती. नेमणूक करणारा आणि होणारा एकच असल्यामुळे मुलाखत सोपी गेली. तेव्हापासून त्याने चाळीस प्रकरणं हाताळली होती. त्यातली किती सुटली असं कुणी विचारलं की तो शांतपणे म्हणे, "मी हाताळली असं म्हणालो."

सीत्स्के त्याची सहायक होती. तिची नेमणूकही त्यानेच केली होती, आणि तिला ते तीन दिवसांनी कळलं होतं.

तिचा खरा धंदा होडीचा. वॉर्डसूमच्या कालव्यावर साखळी ओढून लोकांना पलीकडे नेणारी होडी तिच्या आजोबांनी सुरू केली, मग बापाने चालवली, आणि आता वीस वर्षं ती चालवत होती. पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना आणि निम्मे नातेवाईक. पण गेल्या पानगळीत तपासनीस आला, त्याने होडीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आरपार गेला. तेव्हापासून होडी काठावर पालथी पडली होती आणि गाव सायकलवरून अकरा किलोमीटरचा वळसा घालत होतं. वारा तिकडे जातानाही समोरून येतो आणि येतानाही समोरूनच. त्यात नगरपालिकेचं पत्र आलं, की ईस्टरपर्यंत नवी होडी पाण्यात नसेल तर हा होडीचा मार्ग नकाशावरून काढून टाकण्यात येईल. सीत्स्केला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं. नव्या होडीला नव्वद फळ्या लागणार होत्या. तिच्याकडे एकही नव्हती.

अशा वेळी गावच्या वाहिनीवाल्या दुर्कच्या डोक्यात एक कल्पना आली. देशाच्या मोठ्या वाहिनीवर दर हिवाळ्यात एक खेळ लागतो: स्पर्धकांमधलाच एक जण गुपचूप कामं बिघडवत असतो आणि बाकीच्यांनी त्याला ओळखायचं. त्या दिवसांत आख्खा देश सोफ्यावर बसून गुप्तहेर होतो. दुर्कने तोच प्रकार गावात करायचं ठरवलं. नाव ठेवलं 'आमच्यातला घरभेदी'. पाच स्पर्धक, सहा शनिवार, सहा कामं. शेजारच्या गावच्या लाकूड वखारीने दर कामामागे पंधरा फळ्या द्यायचं कबूल केलं. काम फत्ते झालं तर फळ्या होडीला. काम फसलं तर त्या घरभेद्याच्या ढिगात. शेवटी बाकीच्या चौघांतल्या एकाने जरी घरभेद्याला ओळखलं तरी तो ढीगही होडीला मिळणार. कुणीच ओळखलं नाही, तर ढीग त्याचा.

स्पर्धक म्हणजे बेकरीवाला माइन्डर्ट, शाळेतल्या लीस्बेटबाई, गाईंचा गोठा असलेला रिन्स, स्वतः सीत्स्के आणि अर्थातच फॉप्पे. घरभेदी कोण ते फक्त त्या घरभेद्यालाच पत्राने कळवलं जाणार होतं. पत्र पोचल्यावर वाहिनीशीसुद्धा त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा नियम.

"पोरी, काळजी सोड," फॉप्पे म्हणाला. ती त्याच्या दारात उभी होती. "तुझ्या फळ्या आत्ताच मोजून ठेव. घरभेदी कोणी का असेना, त्याला एक गोष्ट ठाऊक नाही."

"कुठली, काका?"

"मी."

तेवढ्यात सायकल टेकवून येल्तामावशी आली. मावशी पंचाहत्तरीची. बावीस वर्षं ती गावात जाहिरातींचे कागद आणि फुकटचं गावपत्र वाटत होती, आणि या बावीस वर्षांत तिने एकही नियम मोडला नव्हता, लाल दिव्यालासुद्धा ती रिकाम्या रस्त्यावर थांबे. फॉप्पेच्या दारातल्या टपालाच्या फटीवर 'नको–नको' अशी चिकटपट्टी होती. पहिलं नको जाहिरातींना, दुसरं गावपत्राला. निम्म्या गावाच्या दारांवर ती असते. फॉप्पेची रोज पुसलेली असे.

"अरे फॉप्पे, तुझ्यासाठी माझ्याकडे एक..." मावशीने पिशवीत हात घातला.

"मावशी, त्यावर माझं नाव आहे?"

"नाही. म्हणूनच तर विचारते..."

"पत्ता?"

"तोही नाही."

"मग वाचता येतं ना?" त्याने चिकटपट्टीवर बोटाने टकटक केलं. "नको. आणि पुन्हा नको. फटीतून नको, हातातही नको. सत्यशोधकाचं डोकं सवलतीच्या बटाट्यांनी भरायचं नसतं."

मावशीने ओठ मिटले, पिशवी मिटली आणि ती निघून गेली. नियम तो नियम, आणि तो तिलाच ऐकवला गेल्यावर तर बोलणंच खुंटलं.

पहिलं काम होतं कालव्यावरून उडी. लांब काठी पाण्यात रोवायची, तिच्यावर चढायचं आणि काठीबरोबर पलीकडच्या काठावर झुकायचं. आमच्याकडची मुलं हे चालायला लागल्यापासून करतात. पाचही जण कोरडे पलीकडे पोचले की पंधरा फळ्या. सीत्स्के गेली, लीस्बेटबाई गेल्या, रिन्स गेला. चौथा माइन्डर्ट काठीवर चढला, अर्ध्यावर पोचला आणि तसाच सावकाश, चेहऱ्यावर शंका घेऊन, खाली घसरत पाण्यात बुडाला.

काठीला पांढरट बुळबुळीत काहीतरी लागलेलं होतं.

"पीठ," फॉप्पे म्हणाला. "बोटांचे ठसे मिळावेत म्हणून रिन्सच्या उडीनंतर मीच चोळलं. माइन्डर्टच्याच बेकरीतलं."

"काका! काठी ओली होती!"

"मग?"

ओल्या पिठाचं काय होतं हे गावात एकाच माणसाला नीट ठाऊक होतं, आणि तो पाण्यात होता.

पण फॉप्पेला त्यातून धागा मिळालाच. संध्याकाळी त्याने वही उघडली. "माइन्डर्ट. चौतीस वर्षांची माझी नोंद सांगते, की आख्खं गाव झोपलेलं असताना, पहाटे तीनला, याच्या घरातली वीज एकदम उसळते. प्रामाणिक माणूस पहाटे तीनला काय करतो?"

"पाव भाजतो, काका. तो बेकरीवाला आहे."

"तो असं सांगतो," फॉप्पे म्हणाला आणि त्याने वहीत खूण केली.

दुसऱ्या शनिवारी शंभर माणसांसाठी वाटाण्याचं सूप करायचं होतं, चमचा उभा राहील इतकं घट्ट. वाटाणे भिजले, कांदे चिरले, भांडं चढलं, आणि शेगडी काही पेटेना. पाऊण तास सगळे खाली वाकून नळी तपासत होते. शंभर माणसं वाडगे घेऊन उभी राहिली आणि वाडगे घेऊनच घरी गेली. परतताना फॉप्पेच्या कोटाच्या खिशात काहीतरी खुळखुळलं.

"काय आहे ते?"

"शेगडीची गॅस सोडायची फिरकी. कामाच्या आधीच काढून ठेवली. पुरावा आहे. तिच्यावर गुन्हेगार हात ठेवणार हे उघड होतं."

सीत्स्के रस्त्याच्या कडेला बसली. तीस फळ्या गेल्या होत्या. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींतलं आधी कुठलं येऊ द्यावं हे तिला ठरवता येईना.

"यात लीस्बेटबाई आहेत," फॉप्पे तिच्याशेजारी बसत म्हणाला. "काल चौकशीला गेलो. कॉफी दिली. बिस्किटाचा डबा उघडला. मी एक घेतलं."

"बरं."

"आणि त्यांनी डबा पुन्हा पुढे केला."

सीत्स्केने मान वर केली. हे खरोखरच विचित्र होतं. कॉफीबरोबर एक बिस्कीट आणि मग डब्याला झाकण, हे या गावात बाप्तिस्म्याआधी शिकवतात. दुसरं बिस्कीट तिने आपल्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"दोन बिस्किटं!" फॉप्पे कुजबुजला. "ही लाच आहे. मन खात असल्याशिवाय माणूस दुसऱ्यांदा डबा उघडत नाही. मी घेतलं नाही, अर्थात. मी विकला जात नाही."

सीत्स्केने बाईंना परस्पर विचारलं. "अगं, मऊ पडली होती," बाई म्हणाल्या. "टाकायच्या आधी म्हटलं, फॉप्पेला द्यावीत."

तिसऱ्या आठवड्यात रिन्सची गाय उघडझाप पुलावरून अकराच्या आत पलीकडे न्यायची होती, कारण अकराला बोटीसाठी पूल वर जातो. अकराला दहा कमी असताना गाय पुलाच्या मध्यावर होती. तिथेच फॉप्पेने रिन्सला थांबवून जबाब घ्यायला सुरुवात केली, कारण पुलावरून साक्षीदार पळू शकत नाही.

"रिन्स, तुझ्या पुढच्या खिडकीचे पडदे आठवडाभर बंद का?"

"सोफा नवा आहे. उन्हाने रंग उडतो."

"या गावात पडदे कोण लावतं? ज्याला लपवायचं असतं तो!"

"अरे बाबा, गाईला जाऊ दे!"

गाय गेली नाही. अकरा वाजले, भोंगा झाला आणि तिला मागे ढकलत आणावं लागलं. येल्तामावशी काठावर सायकल धरून उभी होती. "फॉप्पे," तिने हाक मारली, "तीन आठवडे झाले, ते पाकीट..."

"साक्षीदारांनी रांगेत यावं, मावशी!"

"मी साक्षीदार नाही रे, मी..."

"असं सगळेच म्हणतात."

चौथ्या शनिवारी चर्चची घंटा बरोबर बाराला वाजवायची होती. घड्याळात फेरफार झाला आहे का हे तपासण्यासाठी फॉप्पेने ते थांबवलं. बारा वाजलेच नाहीत.

पाचव्या शनिवारी फॉप्पे तापाने अंथरुणात होता. चौघांनी एकमेकांवर संशय न घेता दीडशे चीजचे गोळे गोदामातून चर्चपर्यंत ढकलत नेले आणि काम वेळेआधी वीस मिनिटं पूर्ण झालं. सीत्स्के ही बातमी आणि वाटीभर सूप घेऊन धावत त्याच्याकडे गेली.

"मिळाल्या, काका! पंधरा फळ्या!"

फॉप्पे रजईतून उठून बसला. त्याचे डोळे चमकत होते. "म्हणजे मी नसताना घरभेदी शांत बसतो. का? त्याला माझ्याशी सामना हवा आहे. तो मला जवळून ओळखतो. माझ्या हालचाली त्याला आधी कळतात. तो सतत माझ्याबरोबर..." तो थांबला. मग हळूहळू त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"काका?"

"पोरी, त्या सगळ्या शनिवारी तू नेमकी कुठे उभी होतीस?"

सीत्स्केला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने सूपची वाटी टेबलावर आदळली. "माझी होडी आहे ती!" ती ओरडली. "माझ्या बापाची! होडी नाही झाली तर ईस्टरनंतर मला काचघरात टोमॅटो तोडायला जावं लागणार आहे, काका, आणि मीच माझ्या फळ्या बुडवीन? तुमच्या मागे वही धरून फिरले मी पाच आठवडे!"

फॉप्पेने उशीखाली चाचपडलं. मग त्याने वही घेतली, एक ओळ खोडली आणि ती तिच्यासमोर धरली. "काढलं तुझं नाव," तो म्हणाला. "तुझ्या बापाने मला वर्षानुवर्षं फुकट पलीकडे नेलं. म्हणायचा, मीटरवाला आणि पाद्री यांना भाडं नाही, दोघंही आपली पापं मोजतात. चुकलं माझं." एवढं सरळ वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती सूप पाजूनच घरी गेली.

सहावं काम फसलं. कसं ते सांगण्यात अर्थ नाही. त्यात फॉप्पे, भिंग आणि लोण्याचा पुतळा होता. भिंगातून ऊन जातं.

रविवारी दुपारी आख्खं गाव सभागृहात जमलं. एकीकडे पंधरा फळ्या, दुसरीकडे पंचाहत्तर. कॉफी फिरली, डबे उघडले, डबे मिटले. पाचही स्पर्धकांनी एकेका चिठ्ठीवर घरभेद्याचं नाव लिहायचं होतं. सीत्स्केने पेन्सिल हातात घेतली. तिला अक्कल होती. पीठ, फिरकी, गाय, घड्याळ, लोणी, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिने 'फॉ' लिहिलंसुद्धा. मग तिने समोर पाहिलं. फॉप्पे जीभ दातांत धरून, हाताने चिठ्ठी झाकून लिहीत होता, परीक्षेतल्या पोरासारखा. सोंग आणायला अंगात कसब लागतं, तिला वाटलं, आणि या माणसाला तर साधं खोटं हसतासुद्धा येत नाही. तिने 'फॉ' खोडलं आणि रिन्सचं नाव लिहिलं. पडदे तिलाही खटकले होते.

दुर्कने चिठ्ठ्या वाचल्या. माइन्डर्ट. रिन्स. रिन्स. लीस्बेट. आणि फॉप्पेच्या चिठ्ठीत: 'माइन्डर्ट, लीस्बेट आणि रिन्स, संगनमताने, मऊ बिस्किटांसह.'

"कुणीही ओळखलं नाही!" दुर्क आनंदाने ओरडला. "मित्रांनो, असा घरभेदी मी मोठ्या वाहिनीवरही पाहिला नाही. काय ते पीठ! काय ती फिरकी! आणि चेहऱ्यावर किती निरागसपणा! घरभेदी आहेत... फॉप्पे बाउस्मा!"

टाळ्या वाजायला लागल्या आणि थांबल्या, कारण फॉप्पे उभा राहिला होता आणि लाल झाला होता.

"माझा निषेध नोंदवा! ती फिरकी पुरावा होता!"

"आता सोंग पुरे, फॉप्पे. खेळ संपला."

"कसलं सोंग?"

"अरे, पत्र मिळालं ना तुला?"

"कसलं पत्र?"

सभागृहात पिन पडली असती तर ऐकू आली असती. पडला तो चमचा, येल्तामावशीच्या बशीत. "ते होय," मागच्या बाकावरून ती म्हणाली. "ते माझ्याकडे आहे."

तिने पिशवीतून निळं पाकीट काढलं. कोपरे घासून गोल झाले होते. "हा दुर्क मला म्हणाला, चौदा नंबरला टाक, पण नाव घालणार नाही, गुपित आहे. मी म्हटलं, नाव नाही, पत्ता नाही, म्हणजे ती जाहिरात. आणि चौदा नंबरला जाहिरात नको आहे. तरी मी हातात द्यायला गेले. तर हाच मला म्हणाला, वाचता येतं ना! सहा आठवडे विचारतेय मी. म्हणे रांगेत या."

"पण मग," माइन्डर्ट सावकाश म्हणाला, त्याला अजून त्या कालव्याची थंडी आठवत असावी, "घरभेदी कुणी नव्हताच?"

"होता की," मावशी म्हणाली. "फक्त त्याला कळवलं नव्हतं."

हसण्याचा जो लोंढा उठला तो थांबेना. लीस्बेटबाईंनी डोळे पुसले, रिन्सने बाक बडवलं. फक्त दोघं हसत नव्हती. फॉप्पे पाकीट हातात धरून उभा होता. चौतीस वर्षं गावाची कपाटं वाचलेला माणूस, स्वतःचं मात्र एकदाही न उघडलेला. आणि सीत्स्के त्या पंचाहत्तर फळ्यांकडे पाहत होती. पंधरा फळ्यांत होडी होत नाही. फार तर पाटी होते, 'येथे होडी होती' अशी.

वखारवाला घसा खाकरून पुढे आला. "नियम साधा आहे. माझ्या कागदावर घरभेदी म्हणून बाउस्मा लिहिलंय, कळवलं का नाही हे तुमचं तुम्ही बघा. कुणी ओळखलं नाही. ढीग त्यांचा."

फॉप्पेने पाकीट फोडलं, पत्र वाचलं, घडी घातली आणि वहीत ठेवलं. मग त्याने वहीतलं नवं पान काढलं आणि मोठ्याने वाचत लिहायला घेतलं, कारण त्याला लिहिताना वाचायची सवय होती.

"प्रकरण एकेचाळीस. गुन्हेगार सापडला. पत्ता, चौदा नंबर. गुन्हा अजाणता, पण कसून केलेला." त्याने पेन्सिल ओली केली. "मुद्देमाल, ओकच्या फळ्या, पंचाहत्तर. कायद्याप्रमाणे मुद्देमाल मूळ मालकाला परत. मालक..." त्याने वर पाहिलं. "पोरी, आडनाव कसं लिहितेस तू?"

सीत्स्केला सांगता आलं नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि ती आख्ख्या गावासमोर हमसून रडत होती. मग माइन्डर्टनेच सांगितलं, आणि फॉप्पेने ते चुकीचं लिहिलं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी नवी होडी पाण्यात उतरली. पहिल्या फेरीला फॉप्पे डोळ्याला भिंग लावून, मांडीवर वही उघडी ठेवून पुढे बसला होता. त्याच्या दारावर आता चिकटपट्टी नव्हती. येल्तामावशी दर बुधवारी त्याला मूठभर कागद टाके, आणि तो त्यातला प्रत्येक बटाटा तपासून बघे. सीत्स्केने साखळी ओढली, होडी सरळ पाण्यावर सरकली. मध्यावर पोचल्यावर तिने थर्मासमधून कॉफी ओतली आणि बिस्किटांचा डबा उघडला. फॉप्पेने एक घेतलं.

तिने झाकण लावलं नाही. डबा तसाच त्याच्यापुढे धरला.

फॉप्पे सावध झाला. डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे. "मऊ पडलीत?"

"आज सकाळची आहेत. माइन्डर्टची."

"मग कशासाठी?"

"घ्या हो, काका."

त्याने बराच वेळ विचार केला. मग वही बंद करून खिशात ठेवली, आणि दुसरं बिस्कीट घेतलं.